मृत्यूसाहेबांची कॅज्युअल लीव्ह

‘मॉर्ट’ नावाच्या कादंबरीची स्टोरी एका वाक्यात सांगून बघा. मी आतापर्यंत किमान वीस जणांना सांगितलीय. ‘एक मुलगा असतो, त्याला कुणीच कामावर ठेवत नाही, शेवटी रात्री बारा वाजता खुद्द मृत्यू येतो, त्याला अप्रेंटिस म्हणून घेऊन जातो आणि पहिलं काम काय देतो, तर तबेल्यातली लीद काढायची.’ एवढं बोलायचं, गप्प बसायचं आणि समोरच्याचा चेहरा बघायचा.

काही जण भुवया वर करतात. ‘अच्छा, म्हणजे लहान मुलांचं आहे?’ काही जण म्हणतात, ‘हॉरर मला नाही झेपत यार.’ माझी रूममेट एचआरमध्ये आहे, तिनं गंभीरपणे विचारलं, ‘पहिल्या दिवशी इंडक्शन नाही?’ आणि मग एखादाच निघतो, जो ‘लीद’ या शब्दालाच फिस्सकन हसतो. त्याला पुस्तक द्यायचं. परत मिळणार नाही याची तयारी ठेवून द्यायचं. माझी ही तिसरी कॉपी आहे. पहिली कोथरूडमध्ये कुणाकडे तरी आहे, दुसरी माझ्या माहितीप्रमाणे जर्मनीला गेली.

तर, टेरी प्रॅचेट. (आवडत्या लेखकाला मी अहो-जाहो करत नाही. सचिनला कोण करतं?) इंग्लंडमधला हा माणूस १९८३ पासून ‘डिस्कवर्ल्ड’ या एकाच जगाबद्दल लिहीत राहिला, ४१ कादंबऱ्या लिहिल्या. ‘मॉर्ट’ त्यातली चौथी, १९८७ सालची. आता हे जग कसं आहे? तर थाळीसारखं चपटं. ती थाळी चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर, आणि कासव अंतराळात आरामात पोहतंय.

इंग्रज वाचक इथेच ‘काय भन्नाट इमॅजिनेशन!’ म्हणत खुर्चीतून पडतो. आपण पडत नाही. कारण ‘क्रिकेटमधले दिग्गज’ असं आपण रोज वाचतो, ते दिग्गज म्हणजे दिशा तोलून धरणारे हत्तीच. आपल्याकडे ते आठ आहेत, प्रॅचेटनं कॉस्ट-कटिंग करून चारच ठेवले. कासव तर गावोगावच्या देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत बसलेलं असतं, आपण त्याला हात लावून पुढे जातो. ही कल्पना त्यानं शोधून काढलेली नाही, जुन्या पुराणकथांमधून सरळ उचललीय. त्याची कमाल पुढची आहे. हे जग खरंच असं असेल तर तिथे रोजचा दिवस कसा जाईल, याचा तो अगदी सरकारी कारकुनासारखा विचार करतो. तिथे विद्यापीठ असणार, विद्यापीठ म्हटल्यावर जेवणाच्या वेळा कडक असणार. चोर असणार, चोर म्हटले की त्यांची रीतसर संघटना आणि पावती. आणि मृत्यू असणार, तर त्याला घर हवं, घोडा हवा, घोड्याला तबेला हवा. तबेला आला की लीद आली. लॉजिक बघा कसं बिनतोड आहे!

हा मृत्यू म्हणजे पाश्चात्त्य चित्रांमधला टिपिकल सांगाडा. काळा झगा, हातात कोयता, सात फुटी. पण घोड्याचं नाव बिंकी! आधी त्यानं म्हणे हाडांचा घोडा वापरून पाहिला होता, पण सारखं थांबून त्याचे सुटे भाग तारेनं बांधायला लागायचे. मग आगीचा घोडा आणला, त्यानं तबेला पेटवला. शेवटी साधा, खराखुरा, पांढरा घोडा. घरात एक दत्तक मुलगी आहे, इझाबेल. दिसेल ते तळून वाढणारा आल्बर्ट नावाचा नोकर आहे. एका दालनात प्रत्येक जिवंत माणसाच्या नावाचं वाळूचं घड्याळ आहे, आणि लायब्ररीत प्रत्येकाचं चरित्र आहे, जे आपलं आपण लिहिलं जात असतं. चित्रगुप्ताची वही ऑटो-सेव्हवर टाकलेली.

मॉर्ट शिकतो. साहेबांबरोबर राउंडला जातो. (मध्ये दोघं चक्क करी खायला थांबतात.) मग एकदा मृत्यू त्याला एकट्याला ड्यूटीवर पाठवतो. तीन जणांना न्यायचं असतं. एक म्हातारी चेटकीण, जिला स्वतःची वेळ मिनिटापर्यंत ठाऊक आहे आणि जी आवरून सवरून वाट बघत बसलीय. एक महंत, जो पुन्हापुन्हा जन्म घेऊन पुरता वैतागलाय. आणि तिसरी राजकन्या केली. तिच्याच काकानं तिला मारायला माणूस पाठवलाय. मॉर्टला ती आवडलेली असते. तो तिच्याऐवजी मारेकऱ्यालाच उडवतो.

झालं! राजकन्या जिवंत, पण जगाच्या रेकॉर्डला ती मेलेली. नोकरचाकर तिच्याकडे बघतात आणि बघितलेलं विसरतात. शेवटी तिला पगारी जादूगार ठेवावा लागतो. त्याचं काम एकच, राणीसाहेब हयात आहेत हे लोकांना आठवण करून देत राहायचं. इंग्रज वाचकाला ही शुद्ध अ‍ॅब्सर्ड कॉमेडी वाटते. पण दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला घेऊन बँकेत उभं राहणाऱ्या पेन्शनरला विचारा. उत्तर प्रदेशातल्या आझमगढचे लाल बिहारी तर सरकारी कागदावर मृत होते, ते १९९४ मध्ये अधिकृतरीत्या ‘जिवंत’ झाले. त्यांच्यावर २०२१ मध्ये ‘कागज’ नावाचा सिनेमाही आला. आपल्याकडे याला फँटसी म्हणत नाहीत, फाइल म्हणतात.

इकडे मृत्यूला वाटायला लागतं, इतकी माणसं मरेपर्यंत नेमकं करतात तरी काय? म्हणून तो रजेवर जातो. मासे पकडून बघतो. दारू पिऊन बघतो, चढत नाही. नोकरी लावून देणाऱ्याकडे जातो, तिथे आधीचा अनुभव विचारतात, तर शेतीच्या अवजाराची थोडी सवय आहे म्हणतो. (कोयता हो!) शेवटी एका खानावळीत तळणाचं काम मिळतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो खूश असतो.

प्रॅचेटच्या स्वतःच्या नोकरीची गोष्टही सांगायलाच हवी, विशेषतः सोमवारी सकाळी मेट्रोत बसून हे वाचणाऱ्यांना. तो १७ व्या वर्षी, १९६५ मध्ये, ‘बक्स फ्री प्रेस’ या स्थानिक पेपरमध्ये लागला. कामावर लागल्यानंतर काही तासांतच त्यानं पहिलं प्रेत बघितलं, असं तो सांगायचा. मास कॉमला आम्हाला पहिल्या दिवशी फक्त टाइमटेबल मिळालं होतं. पुढे १९८० च्या सुमाराला तो सरकारी वीज मंडळात प्रेस ऑफिसर झाला, आणि त्याच्या वाट्याला अणुवीज केंद्रं आली. अमेरिकेत थ्री माइल आयलंडचा अपघात होऊन फार काळ उलटला नव्हता. म्हणजे दिवसभर पत्रकारांना ‘काळजीचं काही कारण नाही’ सांगायचं, आणि घरी येऊन कासवावरच्या जगाबद्दल लिहायचं. ‘मॉर्ट’ लिहून झाली आणि १९८७ मध्ये त्यानं ही नोकरी सोडली. तोपर्यंतच्या तीन पुस्तकांत जोक आधी आणि गोष्ट मागाहून, असं चाललेलं होतं. ‘मॉर्ट’मध्ये पहिल्यांदा गोष्ट पुढे उभी राहिली. माझं हे मत बऱ्याच जुन्या फॅन्सचंही आहे, त्यामुळे भांडायला यायचं असेल तर तयारीनं या.

वाचकांना ती किती आवडली? २००३ मध्ये बीबीसीनं ‘द बिग रीड’ नावाचं मतदान घेतलं, ब्रिटनच्या लाडक्या कादंबऱ्यांसाठी. ‘मॉर्ट’ ६५ व्या नंबरवर होती. पहिल्या शंभरात प्रॅचेटची एकूण पाच पुस्तकं, तेवढीच चार्ल्स डिकन्सची. इंग्लंडमध्ये विंकँटन नावाचं छोटं गाव आहे, सॉमरसेट परगण्यात. २००२ मध्ये त्या गावानं प्रॅचेटच्या काल्पनिक शहराशी, आंख-मॉरपॉर्कशी, अधिकृतपणे ‘जुळी शहरं’ म्हणून नातं जोडलं. २००९ मध्ये नव्या वस्तीतल्या रस्त्यांना पुस्तकातल्या रस्त्यांची नावं दिली. आपल्याकडे चौकाच्या नावावरून काय काय होतं ते आठवून बघा, आणि मग ‘ट्रीकल माइन रोड’ अशी पाटी लावणाऱ्या त्या गावाला मनापासून सलाम ठोका.

पण प्रतिक्रिया फक्त पाट्या आणि पार्ट्यांची नव्हती. समीक्षकांशी कायम कुस्ती. फँटसी आणि वर विनोदी, म्हणजे दुप्पट गुन्हा! पुस्तकात धड प्रकरणंसुद्धा नाहीत, सलग दोन-अडीचशे पानं, खाली तळटीपा, त्यातही विनोद. ए. एस. बायटसारख्या बड्या साहित्यिक लेखिकेनं त्याची बाजू उघडपणे घेतली, ते अपवाद. ऑगस्ट २०१५ मध्ये, म्हणजे प्रॅचेट जाऊन सहाच महिने झालेले असताना, ‘द गार्डियन’च्या जोनाथन जोन्स या कलासमीक्षकानं लिहिलं, की हा काही थोर लेखक नव्हे, याच्यापायी आयुष्याचा वेळ घालवू नका. त्याच लेखात कबुली, की मी याचं एकही पुस्तक वाचलेलं नाही, दुकानात चाळलंय फक्त! पुढचे काही दिवस वाचकांनी त्या माणसाला जे काही धुतलं, विचारू नका. नंतर त्यानं ‘स्मॉल गॉड्स’ आणून वाचली आणि दुसरा लेख लिहिला. फार भारावला वगैरे नाहीच. पण वाचली. मला त्या दुसऱ्या लेखाचं कौतुक आहे, आपल्याकडे न वाचता लिहिणारे सहसा न वाचताच पुढचं लिहितात.

आणि मग ती पत्रं. प्रॅचेटला असाध्य आजार झालेल्या वाचकांची पत्रं यायची. आता फार दिवस उरले नाहीत, आणि न्यायला येईल तो तुमच्या पुस्तकातल्यासारखा असावा, अशी इच्छा त्यांनी लिहिलेली असायची. घोडा वगैरे असलेला, विनोद न कळणारा, पण दुष्ट नसलेला. अशी पत्रं वाचून झाली की आपण बराच वेळ भिंतीकडे बघत बसतो, असं त्यानं सांगितलंय.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जरा ‘अति’ वाटलं होतं. विनोदी कादंबरीतल्या सांगाड्याकडून इतकी अपेक्षा? मग २०१९ चा पावसाळा आला.

माझे आजोबा, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, एसटीत कंट्रोलर होते. आयुष्य स्वारगेटच्या केबिनमध्ये गेलं. त्या वर्षी किडन्यांनी संप पुकारला होता. हॉस्पिटल नको म्हणून हट्टानं घरी आलेले. मी मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला होते, संध्याकाळी मोकळी असायचे, म्हणून ‘अप्पांपाशी बसायची’ ड्यूटी माझी. घरात एक अलिखित नियम होता, ‘तो’ शब्द उच्चारायचा नाही. आत्या तर ‘मेला’ ही शिवीसुद्धा देईनाशी झाली होती. अप्पांनी एकदा ‘मी गेल्यावर’ म्हणून वाक्य सुरू केलं, तर आईनं पूर्ण करू दिलं नाही. ‘अप्पा, असं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते.’ मग सगळे मिळून टीव्हीवरची मालिका बघायचे. त्या मालिकेत आठवड्याला एक जण मरत होता ते चालायचं.

मी ‘मॉर्ट’ वाचत होते. अप्पांनी विचारलं, ‘काय एवढं हसतेस गं?’ मी सांगितलं. लीद ऐकून ते हसले, आणि म्हणाले, ‘वाच की मोठ्यानं. मराठीत सांग.’

आता ही मोठी पंचाईत. हा मृत्यू इंग्रजीत सगळं कॅपिटल अक्षरांत बोलतो, अवतरणचिन्हांशिवाय. पानावर नुसतं बघितलं तरी आवाज ऐकू येतो. देवनागरीत कॅपिटल कुठून आणू? मी जरा घोगरा आवाज काढून बघितला, तर अप्पा म्हणाले, ‘हे काय रामलीलेतल्या राक्षसासारखं? हा सरकारी माणूस आहे. स्टँडवर अनाउन्समेंट होते तसा बोलेल. राग नाही, लोभ नाही. गाडी लागली आहे, एवढंच.’ आणि खणखणीत आवाजात करूनही दाखवलं. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! स्वयंपाकघरातून आई धावत आली.

नाव काय द्यायचं? यम म्हटलं की रेडा आला, गदा आली, मिशा आल्या. तोही आपल्याकडे विनोदी होऊन गेलाय म्हणा. मुंबईत पश्चिम रेल्वेनं २०१९ च्या शेवटी रूळ ओलांडणाऱ्यांना उचलून न्यायला चक्क यमराज उभा केला होता. पण हा तो नव्हे. अप्पांनी ठरवलं, ‘साहेब’. पोरगा अप्रेंटिस आहे ना, मग तो साहेबच म्हणेल. बस्स, त्या दिवसापासून आमच्या घरात मृत्यू ‘साहेब’ झाला.

अप्पांची रिअ‍ॅक्शन कुठल्याच फॅन क्लबमध्ये बसणारी नव्हती. विनोदांपेक्षा त्यांना कामाच्या व्यवस्थेत रस. साहेब रजेवर गेले? रजा मंजूर कुणी केली? बदली माणूस दिला का? ‘म्हणजे चार्ज या पोराला? ट्रेनिंग किती दिवसांचं झालं त्याचं? मग अपघात होणारच की!’ राजकन्येला वाचवल्यावर मला वाटलं ते खूश होतील. ते म्हणाले, ‘एक गाडी थांबवली की मागच्या दहा लेट होतात. पोराचं चुकलं.’ मग थोड्या वेळानं, ‘पण मीही थांबवल्यात बरं का कधी कधी.’ सावित्रीची आठवण त्यांनीच काढली. ‘तिनं बोलून नवरा सोडवला, याला बोलता येत नाही म्हणून तलवार काढली.’ आणि नचिकेताची. बापानं मुलाला मृत्यूच्या हवाली करायचं, मुलगा त्याच्या घरी जाऊन राहतो, आणि यम बाहेर गेला म्हणून तीन रात्री उपाशी दारात बसतो. ‘तिथेही साहेब जागेवर नव्हतेच,’ अप्पा म्हणाले. मी कठोपनिषद वाचलेलं नाही, आणि प्रॅचेटनं वाचलं होतं असा माझा मुळीच दावा नाही. पण स्वारगेटच्या रिटायर्ड कंट्रोलरनं दोन मिनिटांत लावलेलं हे कनेक्शन मला तरी कुठल्या परीक्षणात सापडलेलं नाही.

चेटकीण म्हातारीचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. आपली वेळ माहीत असलेली, कसलाही तमाशा न करता तयार बसलेली. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाले, ‘माझ्या घड्याळात किती वाळू असेल गं?’

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. पण वाळूबद्दल बोलायला आमच्या घरात बंदी नव्हती ना! मी म्हटलं, ‘डॉक्टर म्हणतात थोडी आहे, अप्पा.’ ते ‘हं’ म्हणाले. आणि मग दीड महिना अडून राहिलेलं सगळं बाहेर आलं. एफडीला नॉमिनी कोण आहे. ड्यूटीची शिट्टी धाकट्या काकांच्या मुलाला द्यायची. तेराव्याला जिलबी करायची नाही, त्यांना ती कधीच आवडली नव्हती, आणि पन्नास वर्षं आजी ती प्रेमानं करतेय म्हणून ते गप्प होते. मी सगळं वहीत लिहून घेतलं. बाबांना रात्री वाचून दाखवलं, ते बराच वेळ गॅलरीत जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेही पुस्तक ऐकायला येऊन बसले. बाप-लेक त्यानंतर काय काय बोलले ते इथे लिहायचं नाहीये.

सप्टेंबरमध्ये अप्पा गेले. चाळीसेक पानं राहिली होती. तेराव्याला श्रीखंड होतं.

तर ती पत्रं आता मला अजिबात अति वाटत नाहीत. पुस्तकानं काही दुःख-बिःख कमी केलं नाही, कुठलंच पुस्तक करत नाही. झालं एवढंच, की बोलायला एक पात्र मिळालं. ‘मरण’ म्हटलं की सगळे कान झाकून घेतात. ‘साहेब’ म्हटलं की चहा टाकता येतो.

गंमत अशी, की हे सगळं उलटून स्वतः प्रॅचेटवर आलं. २००७ च्या डिसेंबरमध्ये त्यानं जाहीर केलं, की त्याला अल्झायमर्सचा एक दुर्मीळ प्रकार झालाय. यात मेंदूचा मागचा भाग आधी जातो, म्हणजे समोरचं दिसतं पण त्याचा अर्थ लागत नाही. कीबोर्डवरची अक्षरं सापडेनाशी झाली. मग तो असिस्टंटला आणि कॉम्प्युटरला तोंडी सांगून पुस्तकं लिहायला लागला. २००८ मध्ये त्यानं संशोधनासाठी दहा लाख डॉलर दिले, तर वाचकांनी तेवढेच पैसे आपणही उभे करायचे म्हणून मोहीम काढली. २००९ मध्ये त्याला ‘सर’ किताब मिळाला, तेव्हा या माणसानं काय केलं, तर घराजवळ सापडणारं लोहखनिज वितळवून, त्यात उल्केचे तुकडे घालून, स्वतःची तलवार बनवली! नाइट म्हटल्यावर तलवार नको? २०१० मध्ये बीबीसीवर त्यानं स्वेच्छामरणाबद्दल व्याख्यान दिलं. मोठ्यानं वाचणं जमत नव्हतं, म्हणून ते अभिनेता टोनी रॉबिन्सननं वाचलं आणि लेखक शेजारी बसून राहिला. २०११ मध्ये ‘चूझिंग टू डाय’ ही डॉक्युमेंटरी. तिच्यावरून इंग्लंडमध्ये प्रचंड वाद झाला. वाचकांतही दोन तट पडले.

१२ मार्च २०१५ ला तो गेला, ६६ व्या वर्षी, घरी. त्याच्या ट्विटर अकाउंटवरून ही बातमी आली ती कॅपिटल अक्षरांत. म्हणजे ती बातमी साहेबांनी दिली. ज्यांनी पुस्तकं वाचली नव्हती त्यांना कळेना की कॅप्स लॉक का दाबून ठेवलंय, आणि ज्यांनी वाचली होती ते जगभरच्या ऑफिसांमध्ये क्युबिकलखाली तोंड लपवून रडत होते. कुणीतरी ऑनलाइन अर्ज काढला, ‘टेरीला परत पाठवा’. अर्ज कुणाच्या नावे? मृत्यूच्या! हजारो लोकांनी सह्या केल्या.

आपल्या हिंजवडीकरांना आवडेल असा प्रकार तर पुढेच आहे. प्रॅचेटच्या ‘गोइंग पोस्टल’ या २००४ च्या कादंबरीत मनोऱ्यांवरून संदेश पाठवायची एक तारव्यवस्था आहे. तिथे काम करताना मेलेल्या माणसाचं नाव एका खास कोडसह सतत इकडून तिकडे पाठवत ठेवतात. पुढे पाठव, नोंद करू नकोस, शेवटच्या मनोऱ्यावरून परत फिरव. कोड आहे जीएनयू. प्रॅचेट गेल्यावर प्रोग्रामर वाचकांनी हेच वेबसाइटच्या हेडरमध्ये, पेजवर न दिसणाऱ्या भागात, टाकायला सुरुवात केली, ‘जीएनयू टेरी प्रॅचेट’. एक ओळीचं काम. अनेक सर्व्हर अजून इमानदारीत ते नाव पाठवत असतात. माझा एक मित्र डेव्हऑप्समध्ये आहे, त्यानं ‘मॉर्ट’ची तीस पानं वाचून सोडून दिली होती, ‘बोअर आहे यार’ म्हणाला होता. हे हेडर प्रकरण सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यानं स्वतःच्या साइटवर अप्पांचं नाव टाकलं. पुस्तक अजून वाचलेलं नाही त्यानं.

आणि त्याचं सगळंच चुकतंय असंही नाही. ‘मॉर्ट’चा शेवट घाईत उरकलाय. मॉर्ट आणि इझाबेल आधी सतत भांडतात आणि मग एकदम लग्नालाच उभे राहतात, मधलं प्रेम लेखक लिहायला विसरला की काय असं वाटतं. राजकन्या पहिल्या अर्ध्या भागात जितकी धारदार आहे तितकी पुढे राहत नाही. इंग्रजी शब्दांच्या कोट्या ढीगभर आहेत, त्यातल्या निम्म्या माझ्या तरी पहिल्या वाचनात डोक्यावरून गेल्या. ‘मॉर्ट’ या नावाचा फ्रेंच अर्थच मृत्यू आहे, हा पहिला जोक मला तिसऱ्या वाचनात कळला. पुढे यापेक्षा सरस पुस्तकं त्यानं लिहिली. ‘स्मॉल गॉड्स’ (१९९२) धर्माबद्दल, ‘नाइट वॉच’ (२००२) क्रांतीबद्दल आणि पोलिसांबद्दल. पण सुरुवात ‘मॉर्ट’पासूनच करा. पहिल्या पुस्तकापासून क्रमानं जायला जाल तर माझ्या मित्रासारखं तिसाव्या पानावर पंक्चर व्हाल.

भाषांतराचा किडा मात्र माझ्या डोक्यात अजून आहे. या पुस्तकांची भाषांतरं तीसपेक्षा जास्त भाषांत झालीत आणि प्रत्येक ठिकाणी मृत्यूनं भाषांतरकाराला छळलंय. कित्येक युरोपीय भाषांमध्ये मृत्यू ही ‘ती’ आहे! फ्रेंचमध्ये ती, पोलिशमध्ये ती, चेकमध्येही ती. मग हा दत्तक मुलीचा बाप, सात फुटी पुरुष कसा करायचा? चेक भाषांतरकार यान कांतूरेकनं आयडियाच केली. ‘स्मर्त’ हा स्त्रीलिंगी शब्द शेवटच्या अक्षरावर एक छोटी खूण देऊन मऊ केला आणि नवा पुरुष शब्द बनवून टाकला. आपली मराठी इथे लकी आहे. तो मृत्यू, ते मरण, ती मरणवेळ. तिन्ही लिंगं स्टॉकमध्ये!

फक्त कॅपिटल अक्षरांचं काय करायचं ते सांगा. जाड ठसा? सगळ्या शब्दांवर एकच सलग शिरोरेषा, मध्ये न तोडता? की सरळ दूरदर्शनच्या जुन्या बातम्यांसारखी शुद्ध, छापील, विभक्ती-प्रत्ययांसकट भाषा, आणि बाकी सगळी पात्रं पुणेरी? माझं मत तिसऱ्याला आहे, अप्पांचं स्टँडच्या अनाउन्समेंटला होतं. तुमचं काय ते मेल करा. आणि कोथरूडमध्ये ज्या कुणाकडे माझी पहिली कॉपी आहे, त्यात ११२ व्या पानावर चहाचा डाग आहे, ओळख पटेल. वाचून झाली असेल तर परत द्या बॉस. झाली नसेल तर राहू दे.